वर्षानंतरचा एक दिवस

बुटाखाली काहीतरी करकरलं आणि त्याच्या दातांच्या मुळापर्यंत शिरशिरी गेली. डोळ्यांनी काही पाहण्याआधी कानांनी ओळखलं होतं: कण. भिंगं घासण्यात ज्याचा जन्म गेला त्याला कणाचा आवाज झोपेतही कळतो. चाकावर, फडक्यावर, बोटाच्या टोकावर एवढासा कण राहिला की सकाळभराच्या कामावर ओरखडा उमटतो, आणि ओरखडा पुसून जात नाही, भिंगच फेकून द्यावं लागतं. म्हणून तो होता तिथेच थिजला. एक पाय दाराच्या आत, एक बाहेर, काखेत पिशवी. मग त्याने खाली पाहिलं. मागच्या खोलीच्या फरशीवर मिठाची बारीक रेघ होती, गोल फिरत गेलेली, आणि तिच्या मधोमध त्याची बायको अनवाणी उभी होती. समोरच्या स्टुलावर पाण्याचा पेला, मिठाची वाटी, जळती मेणबत्ती, उदबत्तीची एक काडी. आणि तिच्या हातात काळ्या मुठीची सुरी.

"थांबा," ती म्हणाली. "हलू नका."

तो हलणार नव्हताच. तिची सगळी नोकरी पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवण्यात सरली होती. त्या आवाजाला बुडणारी पोरंसुद्धा आधी थांबत आणि मग बुडायचं की नाही ते ठरवत. पण आज आवाज चढलेला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, रागाशी त्याची जुनी ओळख होती. हा चेहरा त्याने पाहिलेला नव्हता. कुणाशी तरी महत्त्वाचं बोलत असताना तिसऱ्याच माणसाने खांद्याला हात लावावा, तसा. तिने सुरीचं टोक जमिनीकडे केलं आणि ती रेघेच्या आतून उलट्या दिशेने चालू लागली. चार ठिकाणी थांबली, चारही वेळा ओठ हलले, मान किंचित लवली. मग चिमटीने मेणबत्ती विझवली आणि म्हणाली, "हं, आता या." पण आता येण्यासारखं आत काही उरलेलं नव्हतं; एक खोली होती, मुलगा परगावी गेल्यापासून रिकामी, आणि फरशीवर थोडं मीठ.

"दुकानातली वीज गेली," तो म्हणाला, जणू गुन्हा वीजमंडळाचाच होता. "मालक म्हणाले, जा घरी. मी काही मोडलं का?"

"मोडलं नाही. सांडलं." ती केरसुणीने मीठ गोळा करू लागली. "आत यायचं असलं तर बाहेरून सांगायचं. मी दार कापून देते."

"कशाने?"

"या सुरीने. हवेत."

"बोथट दिसतेय."

"बोथटच असते. तिने भाजीसुद्धा चिरायची नाही. फक्त हवा."

"म्हणजे धार लावायला माझ्याकडे येणार नाही कधी," तो म्हणाला. घाबरला की त्याला असे फिकट विनोद सुचत. ती हसली, पण अर्धीच, आणि उरलेलं अर्धं हसू त्याला दिवसभर पुरलं.

तिचं हे चाललं आहे हे त्याला माहीत होतं, माहीत असूनही नव्हतं. निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईबरोबर जाऊ लागली. दर पौर्णिमेला औषधवालीच्या गच्चीवर चार बायका जमत. विक्का हा शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला ते सर्दीवरचं काहीतरी वाटलं होतं. पुढे कळलं की हा एक धर्म आहे, निसर्गाला मानणारा; पण तोवर त्याने ती गोष्ट मनातल्या एका कप्प्यात टाकून दिली होती, जिथे गुडघ्यांचे व्यायाम, समूहगान आणि वाचनालयाच्या सहली असतात. बायकोला छंद लागला आहे, बरंच झालं. त्याची थोरली बहीण फोनवर म्हणाली होती, "चेटूक शिकतेय ती. उद्या तुला बेडूक करेल, मग कळेल." त्यावर तो म्हणाला होता, "ताई, त्यासाठी शिकावं लागत नाही, तीस वर्षं संसार पुरतो." बहीण खदखदून हसली होती. विनोद करून मोकळं झालं की गोष्टीकडे पाहावं लागत नाही, ही त्याची जुनी सोय. आता मात्र बुटाच्या तळव्यात मिठाचा खडा रुतला होता, आणि चालताना तो घरभर त्याच्याबरोबर बोलत राहिला.

संध्याकाळी जेवताना तिनेच विषय काढला. "मी त्या वेळी तुमच्याबद्दलच विचारत होते."

"कुणाला?"

"तिला. देवीला म्हणा, चंद्राला म्हणा, आई म्हणा. नावावर कुणी अडून बसत नाही आमच्यात. एक ती असते, एक तो असतो, दोघं मिळून हे सगळं. उगवणं, पिकणं, मरणं, पुन्हा उगवणं. मी तिला विचारत होते की तुम्हाला एक गोष्ट विचारू का."

"मग काय म्हणाली?"

"तेवढ्यात तुम्ही मिठावर पाय दिलात."

त्याने ताटाकडे पाहिलं, पावाचा तुकडा उगाच मोडला. ती पुढे बोलली, सावकाश, पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलाला सांगावं तसं. वर्षात त्यांचे आठ सण असतात, सूर्याच्या फिरण्याबरोबर फिरणारे; त्यातला एक उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, सगळं फुलतं तेव्हा. त्या दिवशी दोन माणसं हात बांधून घेतात. खरोखरीच्या दोरीने. लग्नच ते, पण जन्मभराचं असलंच पाहिजे असं नाही. एक वर्ष आणि एक दिवस. ते संपलं की एकमेकांना पुन्हा विचारायचं. दोघांची इच्छा असेल तर पुन्हा बांधायचं, नसेल तर दोरी सोडून, आभार मानून, आपापल्या वाटेने.

"मला वाटतं, आपण बांधून घ्यावं," ती म्हणाली.

त्याने एवढ्या सगळ्यातलं एकच ऐकलं: नसेल तर. पावाचा घास तोंडात फिरत राहिला. तीस-एकतीस वर्षं ज्या घरात तो राहत होता त्या घराला मुदत होती हे कुणीतरी आत्ता येऊन सांगितलं होतं, आणि सांगणारी घरमालकीण समोर बसून त्याला लोणी हवं का विचारत होती. "विचार करतो," तो म्हणाला. "करा," ती म्हणाली. "घाई नाही. सणाला अजून अवकाश आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात, पडद्यामागच्या आपल्या जागी, तो चाकावर थेंब-थेंब पाणी सोडत भिंगाची कड घासत बसला आणि विचार करू लागला. म्हणजे आठवू लागला, कारण त्याला विचार करायला सांगितलं की तो आठवतच असे. ती पहिल्यांदा या दुकानात आली होती तेव्हा बाहेरच्या याच बाकावर बसली होती. चष्मा दोन तुकडे होऊन रुमालात. नंबर इतका जाड की चष्म्याशिवाय तिला माणूस आणि कपाट यांतला फरक माणूस हलला तरच कळावा. त्याने पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं: डोळे बारीक करून ती भिंतीकडे पाहत होती आणि भिंतीला काही वाटू नये म्हणून हसत होती. त्याने ती दुरुस्ती गरजेपेक्षा कितीतरी हळू केली. पुढे ती कारण काढून येऊ लागली, स्क्रू ढिला झाला, कान दुखतो, नाकावर व्रण पडतो, आणि तो प्रत्येक वेळी पडद्यामागून फ्रेम सरकवून पुन्हा आत. शेवटी जुने मालक, आत्ताच्या मालकांचे वडील, कंटाळले. त्यांनी काउंटरवर कोपर टेकून तिला सरळ विचारलं, "बाई, आमच्या कारागिराला तुम्ही आवडता. त्याला बोलता येत नाही, पण बाकी माल चांगला आहे. काय म्हणता?" तो आत चाक फिरवत होता. चाक बंद करायचं त्याला सुचलं नाही. त्या घरघरीतून त्याला तिचं उत्तर ऐकूच आलं नव्हतं. मालकांनीच पडद्यातून डोकं घालून सांगितलं, "हो म्हणाली रे. बंद कर ते."

तेव्हापासून घरी-दारी, पाहुण्यांत, मुलाच्या बारशापासून त्याच्या निरोपापर्यंत, तिचा एक ठरलेला विनोद होता. "चष्मा दुरुस्तीला होता माझा. नीट दिसत नव्हतं, म्हणून हो म्हणाले." लोक हसत. तो सगळ्यांत मोठ्याने हसे. आणि दर वेळी, हसण्याच्या अगदी तळाशी, एक बारीक कण करकरे. कारण त्याचा त्यावर विश्वास होता. त्याने स्वतःला आरशात पाहिलेलं होतं. चष्म्यांच्या दुकानात भिंतभर आरसेच असतात. बोलायला घाबरणारा, पुस्तकात तोंड खुपसणारा, दोन माणसांच्या मधे बसला तर दोघांनाही तिथे रिकामी जागा वाटावी असा माणूस. पण तो तिचे चष्मे करत होता. दर दोन-तीन वर्षांनी नंबर बदले, आणि तो रात्री नाही, दुपारच्या निवांत वेळी, गिऱ्हाईक नसताना, तिची भिंगं घासत बसे. जाड भिंगाची कड दिसू नये म्हणून ती किती तिरकी घासायची, केंद्र बाहुलीच्या नेमकं समोर कसं आणायचं. गोलाचा मध्य आणि नजरेचा मध्य एक नसतो, हे नवख्याला कळायला वर्षं जातात. जोवर ती त्याच्या भिंगातून जग पाहत होती तोवर त्या जगात आपलीही जागा आहे असं त्याला वाटे. मग गेल्या वर्षी मोतीबिंदू पिकला. दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसवली डॉक्टरांनी, आतल्या आत, कायमची. पट्टी काढली त्या दिवशी ती खिडकीशी उभी राहून समोरच्या इमारतीच्या विटा मोजत होती. मग वळून तिने त्याच्याकडे पाहिलं. काही न लावता, उघड्या डोळ्यांनी, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. "अगंबाई," ती म्हणाली होती, "तुमच्या भुवईत पांढरा केस आहे." एवढंच. पण त्याने पटकन मान फिरवली होती.

आणि आता हीच बाई म्हणत होती की दर वर्षी विचारायचं.

त्याने औषधवालीला गाठलं. निमित्त खोकल्याचं होतं. तिने गोळ्या पुढे सरकवल्या आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिचा चष्माही त्यानेच केला होता, वाचायचा, हलका नंबर. ती तो नाकाच्या टोकावर घाली आणि जगाकडे वरून बघे. "खोकला नाहीये तुम्हाला," ती म्हणाली. "विचारा काय ते."

"तुमच्यात," तो म्हणाला, "तो... सैतान वगैरे?"

"त्याचं आमच्याकडे खातंच नाही. तो दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक."

"मग पापपुण्य?"

"एक सांगणं आहे. कुणाला इजा होत नसेल तर तुझ्या मनासारखं कर."

"एवढंच?"

"एवढंच म्हणता? करून बघा. इजा न करणं एक वेळ जमेल. आपलं मन कशात आहे ते शोधून काढा आधी. निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे तेवढ्यासाठीच झोपेच्या गोळ्या मागायला येतात." तिने बाटल्यांची ओळ सरळ केली. "आणि आम्ही मानतो की जे तुम्ही बाहेर सोडता ते तिप्पट होऊन परत येतं. मी चांगल्या अर्थाने घेते. तुमची बायको पोहायला शिकवायची, तिला पटकन पटलं. म्हणाली, पाण्याला धक्का दिला की पाणी देतंच."

"किती जुनं आहे हे सगळं?"

"काही जणी सांगतात हजारो वर्षांचं. मी नाही सांगत. औषधाच्या बाटलीवर मी खोटी तारीख टाकत नाही. आजीच्या वयाचं असेल, जुन्या चिंध्या गोळा करून शिवलेलं. पण गोधडी जुन्या चिंध्यांची असली म्हणून थंडी कमी वाजते का?" मग चष्म्यावरून पाहत ती म्हणाली, "रिंगण कुठून तरी आणावं लागत नाही हो. तुम्ही उभे राहता, ठरवता की एवढी जागा आता वेगळी, पूर्वेला वारा, दक्षिणेला आग, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती, आणि ती वेगळी होते. देऊळ बांधायला पैसे नव्हते बहुधा आमच्याकडे."

तो गोळ्या घेऊन निघाला. दारातून वळून त्याने विचारलं, "त्या दिवशी मी चुकून आत पाय टाकला. त्याने काही... राहून गेलं असेल का?"

"तिला विचारा ना."

पण विचारणं हेच तर त्याला कधी जमलं नव्हतं. म्हणून त्याने कारागिराचा मार्ग धरला: बिघडवलेलं दुरुस्त करून द्यायचं, बोलायचं नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती तलावावरच्या जुन्या मैत्रिणींकडे गेली असताना त्याने मागच्या खोलीत मीठ नेलं. फरशीच्या सांध्यात मधोमध खिळा टेकवला, त्याला दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाशी कागदाची पुंगळी, पुंगळीत मीठ. आणि गुडघ्यांवर रांगत, दोरा ताणून, त्याने आयुष्यातलं पहिलं रिंगण काढलं. सुंदर निघालं. कुठे जाड नाही, कुठे तुटक नाही; त्याच्या एखाद्या भिंगासारखं. तो मध्ये उभा राहिला. चारही दिशांना काय म्हणायचं ते त्याला येत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक दिशेला नुसता "नमस्कार" म्हणाला, जसं नव्या गिऱ्हाइकाला म्हणावं. खोली खरंच थोडी वेगळी वाटली. खिडकीतून येणारा उजेड, रस्त्यावरचा हॉर्न, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, सगळं रेघेपाशी येऊन थबकल्यासारखं. त्याला वाटलं, आपण इथे राहू शकू. इथे कुणी काही विचारणार नाही. आणि लगेच वाटलं, ज्या खोलीत कुणी काही विचारत नाही अशीच एक खोली आपण गेली तीस वर्षं बरोबर घेऊन हिंडतो आहोत, पडद्यामागे, चाकाच्या आवाजात.

ती दारात उभी होती. कधी आली कळलंच नाही. तिने आत पाय टाकला नव्हता.

"हे काय?"

"मी सांडलं होतं ना. भरून दिलं."

तिने वाकून रेघ पाहिली. मिठाच्या कणांचा कल, पुंगळी कुठून कुठे ओढली गेली, खिळ्याने फरशीवर पडलेला ओरखडा. "कुठल्या बाजूने फिरलात?"

त्याने हाताने हवेत दाखवलं. चाकाशी भिंग ज्या बाजूला फिरवण्यात त्याचा जन्म गेला होता त्याच बाजूला. घड्याळाच्या उलट.

तिने पुन्हा एकदा रेघेकडे पाहिलं. मग तिने तोंडावर हात ठेवला, आणि त्याला कळेना ती हसते आहे की काय. "अहो, बांधायला सूर्याबरोबर फिरायचं असतं. असं उलटं फिरतात ते सोडवायला. उभं केलेलं मोडताना, काही नको असलं की घालवून देताना." ती श्वास घेऊन म्हणाली, "आणि एवढं नेटकं! इतकं नेटकं तर आम्हाला कुणाला कधी जमलं नाही."

"म्हणजे मी काय सोडवलं?"

"काय ठरवून फिरत होतात?"

त्याने हातावरचं मीठ झटकलं. खरं सांगायचं तर, रांगताना त्याच्या मनात फक्त तीच होती.

"मग सुटलं," ती म्हणाली. आवाज थट्टेचा होता, पण डोळे त्याच्यावर होते, उघडे, भिंगाविना. "बरं झालं की. सुटलेले असलो तर बांधायला मोकळे. पण या वेळी मालकांना पाठवायचं नाही हं. तुमचं तुम्ही विचारायचं. दोघांनीही मोठ्याने विचारायचं असतं, तसा नियमच आहे."

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. काही बदललं नव्हतं, ती चहा ठेवत होती, तो कप विसळत होता, मुलाचा फोन येत होता, "बाबा, आई काय जादूटोणा करतेय म्हणे, आत्या सांगत होती," आणि तो म्हणत होता, "हो, काल मी बेडूक होतो, आज बरा आहे." तरीही एक धागा निघाल्यासारखं झालं होतं. थट्टेत का होईना, शब्द उच्चारला गेला होता: सुटलं. ती बाहेर जायला निघाली की त्याला वाटे, ही बाई कुठेही जाऊ शकते. आणि ती परत आली, किल्ली दारात फिरली, की त्याच्या छातीत असं काही उसळे, जे लग्नाच्या पहिल्या वर्षीही उसळलं नव्हतं, कारण तेव्हा ती येणार हे ठरलेलंच होतं. ती बसते तेव्हा डावा पाय दुमडून घेते, हे तो जणू नव्याने पाहत होता. ओल्या केसांना अजूनही तलावाच्या पाण्याचा, औषधी, उग्र वास येतो असं त्याला वाटे, जरी ती तलाव सोडून दोन हिवाळे झाले होते. जी आपली आहे असं धरून चाललो तिच्याकडे आपण पाहिलंच नाही का? की पाहिलं ते सगळं फक्त नंबर, बाहुल्यांमधलं अंतर, नाकाचा उतार, कानामागची लांबी? तिच्या चेहऱ्याची सगळी मापं त्याला पाठ होती. तो चेहरा काय म्हणतो आहे हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं, उत्तर ऐकू येईल या भीतीने.

एकदा त्याने म्हणायचा प्रयत्न केला. ती तीन रंगांच्या दोऱ्यांची वेणी घालत बसली होती, लाल, पांढरी, काळी, हातभर लांबीची, तीच ती दोरी. तो म्हणाला, "समजा वर्षाने कुणी एक जण नको म्हणाला."

"समजा."

"मग?"

"मग त्याला नको होतं हे कळेल. आत्ता कळतं का?" तिने वेणी पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणली. "माझे आईवडील जन्मभर एकत्र राहिले. आई गेल्यावर वडील म्हणाले, मला कधी कळलंच नाही तिला हे घर आवडायचं की नाही. मला तसं मरायचं नाही. तुम्हालाही मरू द्यायचं नाही."

त्याने पुस्तक उघडलं, मिटलं. पान वाचून झालं होतं, पण काय वाचलं ते विचाराल तर सांगता आलं नसतं.

सणाच्या दिवशी दुकानातून निघताना मालक म्हणाले, "आज नवा शर्ट? कुणाचं लग्न?" तो म्हणाला, "माझंच." मालक हसले. औषधवालीच्या गच्चीवर कुंड्या होत्या, वाळत घातलेले कपडे बाजूला सारलेले होते, आणि सूर्य टाक्यांच्या मागे उतरत होता. बायकांपैकी एक बस चालवणारी होती, गणवेशातच आलेली, तिची कामाची वेळ यानंतर होती. दुसरी शिवणकाम करणारी. मिठाऐवजी फुलांच्या पाकळ्यांचं रिंगण होतं, मात्र पाकळ्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून त्यांच्यावर मीठ भुरभुरलेलं. औषधवाली आत होती. त्याची बायकोही आत होती, साधाच निळा पोशाख, अनवाणी. चारही दिशांना त्यांचं बोलावून झालं होतं. वारा खरंच पूर्वेकडून येत होता. बसवालीने त्याबद्दल वाऱ्याला शाबासकी दिली.

त्याने बूट काढले. रेघेपाशी आला आणि थांबला. या वेळी त्याने बाहेरूनच सांगितलं, "मी आहे."

तिने सुरी घेतली. हवेत, जमिनीपासून वर, पलीकडे, पुन्हा खाली, दाराएवढी चौकट कापली. आणि मग ते पातं, बोथट, त्याच्या छातीशी टेकवलं. त्याला हे सांगितलेलं नव्हतं. बटणाच्या शेजारी थंड टोक लागलं.

"इथे भीत येणाऱ्याने येऊ नये," औषधवाली आतून म्हणाली, रोजच्या आवाजात, जणू औषध जेवणानंतर घ्यायचं आहे. "मनात भीती घेऊन आत येण्यापेक्षा या पात्यावर पडलेलं बरं, असं म्हणतात आमच्यात. तर सांगा. तुम्ही कसे येता?"

उत्तर काय असतं ते त्याला माहीत होतं. घरी त्या दिवसांत ती ते गुणगुणत असे: पूर्ण प्रेमाने आणि पूर्ण विश्वासाने. दोन शब्द होते, म्हटले की काम झालं. त्याने तोंड उघडलं. समोर ती होती, पात्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिचे डोळे, ज्यांच्यासाठी आता त्याला काहीही करायचं उरलेलं नव्हतं, त्याच्याकडे पाहत होते. खोटं भिंग कुणाला बसवून पाठवलं नव्हतं त्याने. पूर्ण म्हणण्यासारखं त्याच्याकडे काय होतं? कान लावला तर आत नुसतं करकरत होतं.

"भीतच येतोय," तो म्हणाला. "प्रेमाने येतोय. पण भीतभीतच."

बसवालीने खाकरल्यासारखं केलं. शिंपिणीने औषधवालीकडे पाहिलं. नियम स्पष्ट होता, आणि तो आत्ता, सगळ्यांसमोर, त्याने मोडला होता. या खेपेला चुकून नाही, जाणूनबुजून. त्याला वाटलं, झालं. आता बूट घालायचे. जिन्याच्या पायऱ्या, कोपरा, घर. आश्चर्य म्हणजे त्याला लाज वाटत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चाक बंद केलं होतं आणि काय ऐकू येतं ते ऐकत उभा होता.

औषधवाली तिला म्हणाली, "दार तू कापलंस. तू ठरव."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. इतका वेळ त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. भुवईतल्या पांढऱ्या केसापाशी नजर थांबली, मग ओठांपाशी, मग नव्या शर्टाच्या कॉलरपाशी, जिथे तो किमतीची चिठ्ठी काढायला विसरला होता. त्याने मान फिरवली नाही. मग तिने पातं खाली केलं.

"मीही भीतच आहे," ती म्हणाली. "या."

तो आत आला. पाकळ्यांवर पाय पडू नये म्हणून गुडघा एवढा उंच उचलला की बसवाली फसकन हसली, आणि मग सगळ्याच. ती वाकून त्याच्या मागे दार मिटून घेत होती. औषधवालीने त्याचा उजवा हात आणि तिचा उजवा हात एकमेकांत दिले, दोरी मनगटांवर ठेवली आणि म्हणाली, "विचारा."

मालक नव्हते. पडदा नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं. त्याने घसा साफ केला, आणि खोकल्याच्या गोळ्या खिशातच राहिल्या हे त्याच्या लक्षात आलं.

"एक वर्ष आणि एक दिवस," तो म्हणाला, मोठ्याने, इतक्या मोठ्याने की कपड्यांच्या दोरीवरची चिमणी उडाली. "राहशील का माझ्याबरोबर?"

"आणि मग?"

"मग पुन्हा विचारेन." शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की तो जो शेवटचा, जास्तीचा दिवस इतके आठवडे त्याला खड्ड्यासारखा वाटत होता, तो याच्यासाठीच होता, ज्या दिवशी कुणी कुणाला बांधलेलं नाही आणि तोंड उघडावंच लागतं.

"हो," ती म्हणाली. या वेळी त्याला ते ऐकू आलं. मग तिने त्याला विचारलं, त्याच शब्दांत, आणि तोही हो म्हणाला, आणि औषधवाली गाठ मारू लागली. गाठ बसेना, दोरी जाड झाली होती. बसवाली मदतीला आली. त्या दोघी मनगटांवर वाकल्या असताना ती त्याच्या कानाशी आली.

"चष्मा नव्हता म्हणून हो म्हणाले, असं आता कुणाला सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "या खेपेला माझ्याकडे सबब नाही."

त्याच्या अनवाणी तळव्याखाली मिठाचा एक कण करकरला. त्याने पाय हलवला नाही.